पावसाळा लागला की गप्पीची पिल्ले मरतात: कारणे आणि उपाय

गप्पीच्या पैदाशीबाबत कोकणपट्टीत एक तक्रार दरवर्षी जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत टाकी उत्तम चालते, माद्या महिन्याकाठी पिल्ले देतात, पिल्ले भराभर वाढतात आणि शेवटी शेजारीपाजारी वाटावी लागतात. मग मृग-आर्द्रा उलटून आषाढ लागतो आणि तीच टाकी, तेच खाद्य, तोच फिल्टर असताना मासे मलूल होऊ लागतात. नर शेपटी मिटून कोपऱ्यात राहतात. मादी जागच्या जागी डुलत राहते, पण पुढे सरकत नाही. नव्याने झालेली पिल्ले तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तळाशी पोटावर घसरू लागतात आणि आठवड्याभरात निम्म्याहून अधिक संपतात. दुकानातून निळे औषध आणले जाते, मूठभर मीठ टाकले जाते, दोन दिवस बरे वाटते, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हाच क्रम सुरू होतो.

माझ्या मते यांपैकी बहुतेक टाक्यांत रोग नसतोच. रोग म्हणून जे दिसते ते पाण्यातील क्षार संपल्याचे लक्षण असते, आणि म्हणूनच औषधाने ते जात नाही. उलट मिथिलीन ब्लूसारखे निळे औषध मुख्य टाकीत ओतले की फिल्टरमध्ये वाढलेले उपयुक्त जिवाणू मरतात आणि आधीच अडचणीत असलेली टाकी आणखी बिघडते.

आधी मरण्याची वेळ पाहावी

उपाय शोधण्यापूर्वी पिल्ले कशी आणि कधी जातात हे नीट पाहिले पाहिजे, कारण ‘पिल्ले टिकत नाहीत’ या एकाच वाक्याखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. रात्री तीस पिल्ले होती, सकाळी पाच उरली आणि मेलेले एकही सापडले नाही, तर कोणीतरी ती खाल्ली आहेत. पाणी बदलल्यानंतर काही तासांतच मोठे मासेही वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, कल्ले जोरात हलू लागले आणि संध्याकाळपर्यंत सगळी टाकी मेली, तर पाण्यात क्लोरीन आलेले आहे. आणि रोज दोन-चार अशी हळूहळू गळती लागली, मासे पर मिटून डुलत राहिले, तर मात्र पाण्याच्या कठीणपणाकडे, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणाकडे, वळावे. पावसाळ्यातील नेहमीचे दुखणे हे तिसरे आहे. म्हणून त्याचा विचार आधी आणि सविस्तर करतो.

पाणी कुठे बिघडते

गप्पी हा मुळात त्रिनिदाद, व्हेनेझुएला आणि त्यांच्या आसपासच्या प्रदेशातला मासा. पाणी थोडे कठीण, किंचित खारट असले तरी त्याला चालते, किंबहुना मानवते. साधारणपणे पीएच ७ ते ८, एकूण कठीणपणा, म्हणजे जीएच, ८ ते १२ अंश किंवा त्याहून थोडा अधिक, आणि कार्बोनेट कठीणपणा, म्हणजे केएच, ४ ते ८ अंश असेल तर त्याची पैदास निर्वेध होते. येथे एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. पाणी तपासणीच्या अहवालात आकडे मिलिग्रॅममध्ये असतात. त्यांना १८ ने भागले की मासेवाल्यांच्या भाषेतले अंश मिळतात.

आता आपली जमीन पाहू. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला जांभा म्हणजे लक्षावधी वर्षांच्या पावसाने मूळ खडकातला चुना, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका धुऊन नेल्यावर मागे उरलेले लोह आणि अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड. अशा दगडातून झिरपून विहिरीत आलेल्या पाण्याला चुना मिळणार कोठून? म्हणूनच आपल्याकडच्या अनेक विहिरींचे पाणी पिण्यास गोड, डाळ चटकन शिजवणारे, साबणाचा भरपूर फेस देणारे असते, आणि गप्पीच्या दृष्टीने जवळजवळ रिकामे. टाकीत शोभेसाठी ठेवलेला चिऱ्याचा तुकडा अपाय करत नाही, पण पाण्याला काही देतही नाही.

उन्हाळ्यात हे जाणवत नाही, त्याची दोन कारणे आहेत. विहिरीची पातळी उतरते तसे उरलेल्या पाण्यातले क्षार दाट होतात, आणि खाडीलगतच्या गावांत तर चैत्र-वैशाखात पाणी चक्क मचूळ होते. माणसे त्या पाण्याला कंटाळतात; गप्पी मात्र त्यात फोफावतात. जूनअखेर विहीर काठोकाठ भरली की तेच पाणी एकाएकी मृदू होते आणि आपण नेहमीच्या सवयीने त्यानेच टाकी बदलत राहतो. काही घरांत तर पागोळ्यांखाली लावलेल्या पिंपातले पाणी ‘शुद्ध’ म्हणून टाकीत घातले जाते. पागोळीच्या पाण्यात कठीणपणा शून्याच्या आसपास असतो, पीएच ७ च्या खाली असतो आणि जुन्या कौलांवरचे शेवाळ व पालापाचोळा त्यात आलेला असतो तो निराळाच.

यापुढची साखळी लक्षात घेण्याजोगी आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, फिल्टरमधील जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि हे करताना ते पाण्यातील केएच खात असतात: अमोनियातील एक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता खर्च होते. केएच म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली भाताची कणगी समजा. रोज मापभर उपसले तरी बाहेरून काही कळत नाही, आणि एके दिवशी हात तळाला लागतो. तोपर्यंत पीएच ठरल्या जागी असतो. केएच संपताच तो दोन-तीन दिवसांत ६ पर्यंत किंवा त्याखाली घसरतो. इतक्या आम्लधर्मी पाण्यात ते जिवाणूही काम जवळजवळ थांबवतात आणि अमोनिया साचू लागतो. मृदू पाण्यात माशाच्या अंगातील क्षार कल्ल्यांवाटे सतत बाहेर झिरपत असतात, आणि सहा-सात मिलिमीटरच्या पिल्लाला ही गळती भरून काढणे सर्वांत जड जाते. म्हणून पहिला बळी पिल्लांचा जातो.

याची खात्री पटवणारी एक गोष्ट गावोगाव पाहायला मिळते. ज्या घरात काचेच्या टाकीतले गप्पी श्रावणात मरतात, त्याच घराच्या मागल्या दारी सिमेंटच्या हौदात सोडलेले गप्पी त्याच विहिरीच्या पाण्यावर मजेत असतात. लोक म्हणतात, ते गावठी, हे नाजूक. त्यात थोडे तथ्य आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हिवताप विभागाने विहिरी-गटारांत सोडलेले साध्या रंगाचे गप्पी पिढ्यान्‌पिढ्या येथल्या पाण्यात मुरलेले आहेत, तर मोठ्या शेपटीचे शोभेचे गप्पी बाहेरच्या, बहुधा अधिक कठीण पाण्याच्या फार्ममधून आलेले असतात. परंतु मुख्य फरक हौदाचा आहे. सिमेंटमधून चुना सावकाश सुटत राहतो आणि केएच संपू देत नाही. (नवा हौद मात्र काही आठवडे पाणी बदलत मुरवावा लागतो, कारण सुरुवातीला त्यातला चुना इतका सुटतो की पीएच १० च्याही वर जाऊ शकतो.)

घाईने सोडा किंवा चुना घालू नये

निदान कळले की पहिली इच्छा होते ती चमचाभर खाण्याचा सोडा किंवा पानाचा चुना टाकून पीएच वर आणण्याची. हाच सर्वांत घातक उपाय ठरू शकतो. साचलेला अमोनिया कमी पीएचला बहुतांशी निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो. २८ अंश तापमानाला, पीएच ६ असताना त्यातला हजारात एक भागही विषारी नसतो, पण पीएच ८ झाला की शंभरात सहा-सात भाग विषारी होतात. म्हणजे पीएच दोनने चढला की त्याच पाण्यातले विष जवळजवळ शंभरपट होते. ‘सोडा टाकल्यावर तासाभरात सगळे मेले’ अशी जी हकिगत ऐकू येते, तिचे कारण सोडा नव्हे, ही उडी असते.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम खाद्य दोन दिवस पूर्ण बंद करावे. मोठ्या गप्पींना त्याने काही होत नाही, आणि पिल्लांना अगदी चिमूटभर द्यावे. अमोनिया तपासण्याचा संच असेल तर तपासावे, नसेल तर अमोनिया आहेच असे धरून चालावे. मग त्याच विहिरीच्या, तशाच मृदू आणि क्लोरीन नसलेल्या पाण्याने रोज पाव टाकी याप्रमाणे तीन-चार दिवस पाणी बदलून साचलेला अमोनियम बाहेर काढावा. हे उफराटे वाटेल, कारण आपण मृदू पाण्यालाच दोष देत आहोत. पण आधी घाण काढणे आणि नंतर क्षार देणे हाच सुरक्षित मार्ग आहे. त्यानंतर खाण्याचा सोडा वापरायला हरकत नाही. १०० लिटर पाण्याला ३ ग्रॅम सोडा घातला की केएच साधारण एक अंशाने वाढतो. दिवसाला एक अंश, त्यापेक्षा जास्त नाही, आणि तोही मगभर पाण्यात विरघळवून फिल्टरच्या प्रवाहाजवळ थोडाथोडा. चुना काचेच्या टाकीत मुळीच घालू नये. त्याचे माप नखभर चुकले तरी पीएच कोठच्या कोठे जातो.

कायमचा उपाय: शिंपले

सोडा तात्पुरता आहे. तो कॅल्शियम देत नाही आणि दर पाणीबदलाला पुन्हा मोजावा लागतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याला याहून चांगली वस्तू फुकट मिळते, ती म्हणजे तिसऱ्यांचे किंवा कालवांचे शिंपले. ते कॅल्शियम कार्बोनेटचेच बनलेले असतात आणि त्यांचा मोठा गुण असा की पाणी आम्लधर्मी असेल तरच ते विरघळतात. पीएच पुरेसा चढला की विरघळणे आपोआप मंदावते. त्यामुळे जास्त पडण्याची भीती नाही.

स्वयंपाकघरातून आलेले शिंपले मात्र तसेच टाकू नयेत. सांधा जोडणारा पट्टा आणि आत चिकटलेला मांसाचा कण राहिला तर तो कुजतो. शिंपले उकळावेत, ब्रशने घासावेत, आठवडाभर कडक उन्हात वाळवावेत. म्हणजेच हे काम एप्रिल-मेमध्ये उरकून ठेवावे, आषाढात ऊन कोठून आणणार? मग ते हातोडीने जाडसर फोडून कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरावेत. ५० लिटरच्या टाकीला दोन मुठी पुरतात. पिशवी तळाला टाकून देण्याऐवजी फिल्टरमधून पाणी जेथे पडते तेथे टांगावी, कारण वाहत्या पाण्यातच शिंपले नीट झिजतात. दोन-तीन महिन्यांनी पिशवी काढून पाहिली तर तुकड्यांच्या कडा खडूसारख्या भुरभुरीत झालेल्या आणि पाठीवर बुळबुळीत थर आलेला दिसतो. कडा झिजल्या म्हणजे काम चालू आहे. थर मात्र घासून काढावा, नाहीतर आतला शिंपला पाण्याला लागतच नाही.

शिंपले सावकाश काम करतात, त्यामुळे ते मेअखेरच टाकीत गेले पाहिजेत. पावसाळ्यात पाणीबदलही थोडे आणि वारंवार असावेत: आठवड्याला अर्धी टाकी एकदम बदलण्यापेक्षा दोनदा पंधरा-वीस टक्के बदलणे बरे. बदलायचे पाणी आधीच्या दिवशी पिंपात भरून त्यातही शिंपल्यांची एक पिशवी आणि हवेचा दगड (पंपाच्या नळीच्या टोकाला लावून बुडबुडे सोडणारा) सोडून ठेवला तर आणखी उत्तम.

समुद्राचे पाणी घालावे का, हा प्रश्न किनाऱ्यावर हमखास विचारला जातो. १०० लिटरमध्ये २ लिटर स्वच्छ समुद्राचे पाणी मिसळले तर जीएच सुमारे सात अंशांनी वाढतो, कारण त्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम विपुल असते. एवढी खारटी गप्पीला आणि बहुतेक पाणवनस्पतींना सोसते. पण केएच त्याने जवळजवळ हलत नाही, म्हणून शिंपल्यांना तो पर्याय नाही. ज्यांना हे करायचे असेल त्यांनी पाणी पावसापूर्वी, बंदर आणि खाडीच्या मुखापासून दूर भरून, जाड कापडातून गाळून ठेवावे. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ आणि नदीच्या लोंढ्याने पातळ झालेले असते.

देशी बदामाची पाने टाकीत टाकण्याची पद्धतही अलीकडे रूढ झाली आहे, आणि परसात झाड असल्याने मोह होतो. फायटर माशासाठी ती योग्य आहेत. आपल्या मृदू पाण्यात गप्पीसाठी ती नकोत. त्यांतून सुटणारी आम्ले उरलासुरला केएच संपवतात.

पाणी बदलताच मासे मेले तर

पावसाळ्यात साथी टाळण्यासाठी ग्रामपंचायत सार्वजनिक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकते, आणि ते आवश्यकच आहे. पण माणसाला निर्धोक असलेले क्लोरीनचे प्रमाण माशाच्या कल्ल्यांना जाळते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यातील क्लोरीन तपासण्यासाठी ओटी टेस्ट करतो तेव्हा नळीतले पाणी पिवळे झाले तर ते पाणी त्या दिवशी टाकीसाठी निषिद्ध समजावे. उन्हाळ्यात असे पाणी उघड्या पिंपात दिवसभर ठेवले की क्लोरीन उडून जाते; ढगाळ, थंड दिवसांत त्यावर विसंबू नये आणि हवेचा दगड लावून चोवीस तास तरी थांबावे. घाई असेल तर हायपोचे खडे, म्हणजे दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळते तेच, १०० लिटरला १ ग्रॅम पुरेसे होतात.

पिल्ले नाहीशी होत असतील तर

येथे पहिला संशय आईबापांवरच घ्यावा. गप्पी स्वतःची पिल्ले खातो, भुकेला असेल तर अधिकच. प्लॅस्टिकच्या छोट्या पेटीत गाभण मादी कोंडण्यापेक्षा टाकीचा एक तृतीयांश भाग जावा मॉसने किंवा हायड्रिलाने दाट भरणे मला श्रेयस्कर वाटते, कारण कोंडलेली मादी घाबरून अर्धवट पिल्ले टाकते. मादी २१ ते ३० दिवसांनी पिल्ले देते. पोटामागचा डाग मोठा आणि काळाभोर झाला, पोट खालून चौकोनी दिसू लागले की तिला दाट वनस्पतींच्या वेगळ्या टाकीत हलवावे आणि पिल्ले झाल्यावर बाहेर काढावे. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावावा.

परसातल्या हौदातून पिल्ले जात असतील तर मात्र हायड्रिलाचा गुंता उचलून पांढऱ्या परातीत झटकून पाहावा. चतुराची अळी हाती लागण्याची शक्यता दाट असते: मातकट, सहा पायांची, बोटाच्या पेराएवढी, पानाला चिकटून निश्चल बसलेली. पिल्लू टप्प्यात आले की ती घडी करून ठेवलेला खालचा ओठ विजेच्या वेगाने पुढे फेकते आणि पिल्लाला धरते. एक अळी आठवड्याभरात एक अख्खी वीण संपवू शकते. तळ्यातून आणलेल्या वनस्पती वेगळ्या बादलीत ठेवून, रोज झटकून मगच हौदात टाकाव्यात आणि हौदावर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधावे. चतुर पाण्यावर अंडी घालतो तो मार्ग त्याने बंद होतो.

वीज गेल्यावर

वादळी पावसात रात्रभर वीज जाणे आपल्याला नवे नाही. पंप बंद पडला की स्पंजमधील जिवाणू काही तासांत गुदमरू लागतात. वीज आल्यावर तो स्पंज तसाच चालू करू नये. आधी टाकीतून बादलीत काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा. बॅटरीवरचा लहान पंप आणि टाकीत माफक मासे, एवढी तयारी पुरेशी आहे.

एवढे करूनही गळती थांबली नाही तर

केएच ४ च्या वर, अमोनिया शून्य, क्लोरीन नाही, आणि तरीही मासे खंगत असतील, तेव्हाच रोगाचा विचार करावा. प्रत्येक विणीत पाठीला बाक असलेली पिल्ले निघत असतील तर एकाच कुटुंबातली पैदास फार पिढ्या चालली आहे. दुसऱ्या ठिकाणचे नर आणावेत आणि त्यांना तीन-चार आठवडे वेगळे ठेवून मगच मिसळावेत. मादीला नर एकदाच भेटला तरी ती त्याचे वीर्य साठवून पुढे काही महिने पिल्ले देते, म्हणून नवा नर आणल्यावर पहिल्या एक-दोन विणींत जुनीच लक्षणे दिसली तरी निराश होऊ नये.

दुसरी शक्यता कॅमॅलॅनस कृमींची. मासा खातो तरी पोट खपाटीला जाते, आणि तो स्थिर असताना भिंगातून पाहिले तर गुदद्वारातून लाल दोऱ्याची दोन-तीन टोके बाहेर आलेली दिसतात. मासा हलला की ती आत ओढली जातात. हे कृमी घरच्या टाकीत एका माशाकडून दुसऱ्याकडे थेट पसरतात. गुरांना जंतासाठी देतात ते लेव्हॅमिसोल यावर चालते. मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी. औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी तळ नळीने स्वच्छ ओढून काढावा, कारण कृमी मरण्याऐवजी पुष्कळदा गुंगून बाहेर पडतात आणि मासे ते पुन्हा खातात. दोन-तीन आठवड्यांनी हाच डोस पुन्हा द्यावा लागतो.